आप्पेपात्रातल्या पाच पिना

आईच्या आप्पेपात्रातले आप्पे आम्ही फारसे खाल्ले नाहीत. बिडाचं, काळंभोर, सात खळग्यांचं ते पात्र तिच्या लग्नात तिच्यासोबत आलं होतं, पण आमच्या घरी त्याचा उपयोग कुलपं खोलायला व्हायचा. कधी हौसेने आप्पे केलेच, तर दादा पहिला घास घेऊन म्हणायचा, "घासलेट जरा जास्त झालंय." आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि पुढचा घाणा टाकायची.

ते पात्र आता धुळ्याला माझ्याकडे आलं आहे. मागच्या आठवड्यात जळगावचं घर रिकामं केलं. ज्यांनी घेतलं ते पाडून नवीन बांधणार आहेत, त्यामुळे भांडीकुंडी, कपाटं, देव्हारा, जे ज्याला हवं ते त्याने नेलं. आप्पेपात्राला कुणी हात लावला नाही. ते मी पदराखाली झाकून नेल्यासारखं घेऊन आले.

पण त्या दिवसाची सुरुवात भांड्याकुंड्यांनी झाली नव्हती. गेल्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच, सकाळी एसटीतून उतरून घरी आले, नेहमीसारखी चावी लॅचमध्ये घातली आणि चावी फिरेना. आत जात होती, पूर्ण जात होती, पण फिरत नव्हती. काढून फुंकर मारली, पदराने पुसली, पुन्हा घातली. शेजारचे रशीदभाई कूलर दुरुस्त करतात, ते आपल्या ओट्यावरून बघत होते. ते म्हणाले, "अक्का, जोर नका लावू, मोडेल आतमध्ये. थांबा, भाच्याला बोलावतो, त्याचं चाव्यांचंच काम आहे."

भाचा आला, तौफिक त्याचं नाव. त्याने दोन बारीक तारा घालून जरा वेळात लॅच उघडलं आणि माझी चावी उन्हात धरून पाहिली. "मावशी, ही चावी या कुलपाच्याच कंपनीची आहे, पण या कुलपाची नाही. आतलं सेटिंग कुणीतरी बदललंय."

त्या घरात कुलपाच्या आतलं बदलणारं माणूस एकच होतं, आई. मी त्याला "असेल" म्हटलं. पण तिने ते का बदललं असं मला वाटलं, हे सांगायचं तर मला फार मागे जावं लागेल.

नाना, म्हणजे आमचे वडील, पाटबंधारे खात्यात होते. बदल्यांची नोकरी. धुळे, मग शिरपूर, मग पाचोरा, पुन्हा धुळे. ट्रकमधून सामान उतरलं की बाकीच्या घरांत आधी देव मांडतात, चूल पेटवतात. आमच्याकडे आई आधी दाराचं कुलूप खोलायला बसायची. घरमालकाला पटवून नेहमीच्याच बनावटीचं लॅच बसवून घ्यायचं, त्यातलं फिरणारं पितळी नळकांडं बाहेर काढायचं, त्यातल्या पाच पिना ओतून बाजूला ठेवायच्या आणि त्यांच्या जागी आमच्या पाच पिना भरायच्या. आमच्या म्हणजे तिच्या संसाराच्या अगदी पहिल्या कुलपातल्या. त्या ती चिंधीत बांधून, पोलक्यात खोचून गावोगाव घेऊन फिरली. त्यामुळे घर बदललं तरी आमची चावी कधी बदलली नाही. गाव सोडताना पुन्हा तोच सोहळा उलटा व्हायचा. आमच्या पिना बाहेर, घरमालकाच्या आत, आणि त्याची चावी त्याच्या हातात. त्यानंतर ते घर आमचं राहायचं नाही. मला लहानपणी वाटायचं की सगळेच लोक असंच घर सोडतात.

आमच्या चौघांच्या चार चाव्या होत्या. नानांच्या चावीला दोरा नव्हता, आईच्या चावीला काळा गोफ, माझ्या चावीला लाल लोकर आणि दादाच्या चावीला सायकलच्या ट्यूबची रबरी चकती. चावी हातात देताना आईने आम्हाला सांगितलेलं वाक्य तिच्या माहेरच्या, शिरपूरकडच्या बोलीत होतं. नानांशी आणि शेजारणींशी ती पुस्तकी मराठी बोलायची, पण मनातलं बोलायची तेव्हा अहिराणीच यायची. "बठ्ठा घरेसनी एकच चावी शे आपली. सांभाळीसन ठेव. घरना मानूस कडी वाजाडत नही."

सगळ्या घरांची आपली एकच चावी, आणि घरच्या माणसाने कडी वाजवायची नाही. कडी पाहुण्यांनी वाजवायची, पोस्टमनने वाजवायची. आपण आपलं यायचं. त्यामुळे दारात कोण आलं हे आम्हाला चावीच्या आवाजावरून कळायचं. नाना चावी घालून उगीच दोनदा खुळखुळवायचे, जणू आत काही गुपित चाललंय आणि आवरायला वेळ द्यायला हवा. दादाची चावी घालणं आणि फिरवणं हे एकच काम होतं, टक् की दार उघडं. आई पोळी लाटता लाटता मान न वळवता म्हणायची, "उना मन्हा पोऱ्या." आला माझा पोरगा.

उन्हाळ्याच्या दुपारी म्हणजे कुलपं खोलायच्या दुपारी. हे लिहिताना सुद्धा मला तो वास येतो आहे. कूलरच्या ओल्या गवताचा, घासलेटचा, आणि बोटांना चिकटलेल्या पितळेचा, जो साबणाने जात नाही. खिडक्यांना ओली पोती टांगलेली. नाना कचेरीत. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. शिरपूरला असताना जिनिंगमधली सरकी उन्हात तापायची आणि तिचा तेलकट, गोडसर वास दुपारभर घरात येऊन बसायचा. पाचोऱ्याला लांबून इंजिनाच्या शंटिंगचे धक्के ऐकू यायचे, एकामागे एक, डब्यांवरून पळत गेल्यासारखे. आई भिंतीला टेकून बसायची, पुढ्यात नानांचं जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर आप्पेपात्र, आणि दोन बाजूंना आम्ही दोघं.

शेजारपाजारची बिघडलेली कुलपंही यायची, पण आईचा एक नियम होता. बंद कुलूप खोलायचं नाही. चावी घेऊन या, उघडून दाखवा, मग मी आत बघते. तारा घालून उघडणं तिला जमलंही असतं, पण तिने ते कधी केलं नाही आणि आम्हाला करू दिलं नाही.

नळकांडं बाहेर काढायचं तेव्हा मागून तेवढ्याच जाडीची काडी आत सरकवायची असते, नाहीतर वरच्या स्प्रिंगा भसाभस बाहेर उडतात. आईची काडी पऱ्हाटीची होती. कापूस वेचून झालेल्या शेतातली, काचेने घासून गुळगुळीत केलेली. ती काडी ती इतक्या सावकाश पुढे ढकलायची की बघताना आम्ही श्वास घ्यायला विसरायचो. मग नळकांडं तळहातावर पालथं करून एकेक पिन आप्प्याच्या एकेका खळग्यात. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. ओळ मोडायची नाही. कुणाची पिन कुणाच्या घरात गेली की चावी परकी होते, हे तिचं म्हणणं. उरलेल्या दोन खळग्यांपैकी एकात घासलेट आणि एकात पेन्सिलीच्या शिशाची पूड. तेल ती कधीच घालायची नाही. आपल्याकडची धूळ तेलाला धरते आणि कुलपाचा चिखल होतो.

तरी एखादी स्प्रिंग उडायचीच. मग दादा जुन्या रेडिओतलं लोहचुंबक घेऊन खाटेखाली शिरायचा. स्प्रिंगच्या आधी खिळे, टाचण्या, माझ्या केसांतल्या पिना असं सगळं घेऊन बाहेर यायचा, तोंडभर जळमटं. "आईसाहेब, चोर पकडला." आई हसायची ते आवाज न करता, नुसते खांदे हलायचे.

पिना परत भरायचं काम ती आम्हाला आळीपाळीने द्यायची. आमच्या पिनांपैकी तिसरी आणि चौथी जवळजवळ सारख्या. फरक इतका थोडा की नुसतं बघून कळायचा नाही. आई दोघींना अंगठ्याच्या नखावर शेजारी शेजारी उभं करायची आणि त्यांच्या डोक्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवायची. बोट जिथे अडायचं ती तिसरी. मला ते जमलं. दादाला शेवटपर्यंत जमलं नाही. तो घाई करायचा. त्याने भरलेलं कुलूप हटकून फिरायचं नाही, आणि आई न उघडताच सांगायची, "तिसरी-चौथीमा चुकना तू." पुढे आमच्या घरात तो एक शेराच झाला. दादाने उलटा शर्ट घातला, तिसरी-चौथी. परीक्षेत उत्तरं अदलाबदल केली, तिसरी-चौथी. त्यालाही राग यायचा नाही. स्वतःच कपाळावर हात मारून म्हणायचा.

दादा घर सोडून गेला त्याबद्दल मी लिहिणार नाही. का गेला, कोण काय बोललं, ते बोलणारेही आता राहिले नाहीत. तो दिवस पाचोऱ्यातला होता आणि अंगणात वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांचा वास येत होता, एवढंच मला ठेवायचं आहे. संध्याकाळी भिंतीवरच्या चार खिळ्यांपैकी त्याचा खिळा रिकामा दिसला. चावी नेली, म्हणजे येईल, असं आई म्हणाली. हे ती रडत म्हणाली नाही. भाजी चिरता चिरता म्हणाली.

त्यानंतर नाना रोज रात्री जेवण झालं की दाराला आतून कडी लावायला लागले. आधी कधी लावत नसत. नाना पाठ फिरवून गेले की आई उठून कडी काढायची. असं किती दिवस चाललं कोण जाणे. मग एका सकाळी पाहिलं तर दारावर कडी नव्हतीच, नुसती स्क्रूंची भोकं होती. नाना म्हणाले, "चोर शिरतील एखाद्या दिवशी." आई म्हणाली, "शिरू देत. काय नेतील?" नानांनी पेपर उघडला. पेपर उलटा होता की सुलटा, देव जाणे.

पुढे बदली झाली, धुळ्याचं भाड्याचं घर झालं, माझं लग्न झालं, आणि नानांनी निवृत्तीनंतर जळगावला हे घर बांधलं. दरवेळी आईने मागच्या शेजाऱ्यांकडे नवा पत्ता ठेवला. दाराला नवं लॅच बसलं आणि आत पुन्हा त्याच पाच पिना गेल्या. त्या लॅचच्या मूळच्या पिना आईने सुट्या पिनांच्या डब्यात टाकून दिल्या. म्हणाली, "आते कोनले परत देनं नही." आता कुणाला परत द्यायच्या नाहीत. घर स्वतःचं होतं. दाराला आतून कडी तिने बसवूच दिली नाही. सुतार वेड्यासारखा बघत राहिला.

नाना गेले. आई एकटी राहिली. मी महिन्यातून एकदोनदा धुळ्याहून यायचे आणि माझ्या चावीने दार उघडायचे. चावी फिरताना आतून तिची हालचाल थांबलेली मला ऐकू यायची. भांड्यांचा आवाज थांबायचा. मी आत पाऊल टाकलं की मग भांडी पुन्हा वाजायची. "तू का," असं ती म्हणायची. तिला माझं येणं आवडायचं, याबद्दल मला शंका नाही. पण तो मधला क्षण माझा नव्हता, आणि तो दरवेळी माझ्या वाट्याला यायचा. मला तो बोचायचा, हेही खरं.

गेल्या उन्हाळ्यात तिची तब्येत ढासळली म्हणून मी तिला धुळ्याला घेऊन आले. निघायच्या दिवशी मी औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन बाजारात गेले होते. परत आले तर आप्पेपात्र धुऊन उन्हात पालथं घातलेलं, आणि आई दारात पिशवीसह तयार. "खोललं होतंस की काय?" मी विचारलं. "धूळ बसनी व्हती," ती म्हणाली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मी म्हटलं, "दिसतं तरी का तुला?" तर हात नाचवून म्हणाली, "मन्हा बोटेसले ठाऊक शे." माझ्या बोटांना माहीत आहे. मग तिने दार ओढलं. लॅच आपोआप लागलं. तिने ढकलून खात्री केली आणि रिक्षात बसली.

धुळ्यालाच, दिवाळी बघून ती वारली. त्या सगळ्या महिन्यांत तिने दूध प्यायला नकार दिला, टीव्हीला नकार दिला, आणि एकच गोष्ट विचारत राहिली. "जयगावना घरले कोनी उना व्हता का?" जळगावला कुणी आलं होतं का. मी रशीदभाईंना फोन करायचे, ते नाही म्हणायचे, मी तिला नाही म्हणायचे.

म्हणून मागच्या आठवड्यात ती चावी फिरली नाही तेव्हा मला आई निघाली तो दिवस आठवला. धुतलेलं आप्पेपात्र आठवलं, आणि सगळं लख्ख कळलं असं वाटलं. घर सोडताना आई नेहमी जे करायची तेच तिने केलं होतं. आमच्या पिना काढल्या होत्या आणि डब्यातल्या कुठल्यातरी परक्या पिना आत भरल्या होत्या. हे घर आता आपलं नाही. आता कुणी यायचं नाही. आयुष्यभर दाराला कडी न लावलेल्या बाईने जाता जाता दार बंद केलं होतं, आणि मला बोलली नव्हती. मग धुळ्याला रोज विचारायची ते काय होतं? माझी समजूत काढणं? मला तिचा इतका राग आला की मी कपाटं रिकामी करताना तिच्या साड्या घड्या न घालता कोंबल्या.

सामान गेल्यावर मी तौफिकला दाराचं लॅच काढून द्यायला सांगितलं. दाराला गोल भोक पडलं आणि त्यातून ऊन रिकाम्या खोलीत गेलं. मी ओट्यावर बसले. पदर पसरला, आप्पेपात्र ठेवलं. कुलूप उघडलेलंच होतं, म्हणजे आईच्या नियमात बसत होतं. पऱ्हाटीची काडी स्वयंपाकघराच्या फडताळात होती तिथेच सापडली.

रशीदभाई म्हणाले, "अक्का, कशाला डोकेफोड? फेकून द्या."

"बघते फक्त, रशीदभाई."

काडी सरकवली. किती वर्षांनी, पण एकही स्प्रिंग उडाली नाही. नळकांडं तळहातावर आलं. पिना ओतायच्या आधी मी त्यात माझी चावी घातली, लाल लोकरीची. बरोबर पिना असतील तर सगळ्यांची डोकी नळकांड्याच्या कडेला सपाट येऊन बसतात. एक वर नाही, एक खाली नाही. मी वाकून पाहिलं. पहिली सपाट. दुसरी सपाट. पाचवी सपाट. तिसरी केसभर खाली गेलेली. चौथी केसभर वर आलेली.

मी त्या दोन्ही बाहेर काढल्या, अंगठ्याच्या नखावर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि वरून बोट फिरवलं. मग अदलाबदल करून परत घातल्या. पाचही डोकी एका रेषेत आली.

परक्या पिना नव्हत्या. त्याच होत्या, आमच्याच, गावोगाव फिरलेल्या. तिने काही काढलं नव्हतं, काही बंद केलं नव्हतं. डोळ्यांना दिसलं नाही आणि बोटांना कळलं नाही, एवढंच. लहानपणी जी चूक दादा नेहमी करायचा ती शेवटच्या दिवशी आईने केली. मी तिथेच ओट्यावर हसले, आणि मग रडले, आणि रशीदभाई आपल्या घरात जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले.

आणि पाणी पिता पिता ते दुसरं मनात आलं. आईने दार ओढलं त्या दिवसापासून आजपर्यंत या दाराला दादाची चावी लागली नसती.

"रशीदभाई, या मधल्या दिवसांत इथे कुणी आलं होतं का? म्हणजे, दाराशी. चावी लावून बघणारं."

त्यांनी आधी दारातल्या त्या गोल भोकाकडे पाहिलं. फोनवर ते नेहमी चटकन नाही म्हणायचे. "कडी वाजली असती तर घरात बायकांना ऐकू आलं असतं, अक्का," ते म्हणाले. "आवाज झाला नाही. पण मी तर दिवसभर दुकानावर. चावी लावायला आवाज कुठे होतो?"

घरचा माणूस कडी वाजवत नाही. तो आला असेल, टक् करून चावी फिरवायला गेला असेल, फिरली नसेल. आपण गेल्यावर आईने पिना बदलल्या, असंच त्याने समजलं असेल, जसं मी समजले. जिच्या हातून ती चूक झाली ती असती, तर तिने ती ओळखून एका वाक्यात सांगितली असती, आणि तो कपाळावर हात मारून हसला असता. किंवा तो आलाच नसेल.

निघताना रशीदभाईंना धुळ्याचा पत्ता तोंडपाठ करायला लावला. देवपूर, पांझरेचा पूल ओलांडून कसं यायचं, सगळं. त्यांनी शाळेतल्या पोरासारखा दोनदा म्हणून दाखवला.

काल आमच्या धुळ्याच्या दारावर ते लॅच बसवून घेतलं. पेन्सिलीची पूड घातली. आमच्या यांनी विचारलं, "चांगलं कुलूप होतं की आपलं, कशाला बदललं?" मी सांगितलं, सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "पण त्याला हे घर माहीत नाही ना."

"नाही," मी म्हटलं. "त्याला चावी माहीत आहे."

मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं, आणि दादासारखी चावी घातली आणि फिरवली. आत कुकरची शिट्टी काढत असलेल्या यांचा आवाज थांबला. मग मी आत आले. "तू होय," ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर ते सवयीने दाराला कडी लावायला गेले. मी म्हटलं, "राहू द्या." त्यांनी कडीवरचा हात काढला. आज सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी ती कडी काढली आणि पात्राच्या सहाव्या खळग्यात तिचे स्क्रू ठेवले.